बागेला निधी नको, ओपन स्पेसची चावी द्या

आमच्या गावच्या नगरपरिषदेला कुणीतरी हात जोडून सांगा, की बाबांनो बागेसाठी निधी आणू नका. चेष्टा नाही करायलो. निधी आला की ठेकेदार येतो, ठेकेदार आला की पेव्हर ब्लॉक येतात, मग मधोमध एक कारंजं जे फक्त उद्घाटनाच्या दिवशी उडतं, मग दोन घसरगुंड्या, ओपन जिम, हायमास्ट, आणि उरलेल्या जागेत लॉन. त्या लॉनला मार्चपासून टँकर लागतो, टँकरचं बिल कुणी काढायचं यावर घोडं अडतं, आणि दोन उन्हाळ्यांत लॉनच्या जागी गाजरगवत. मग गेटला कुलूप. चावी कुणाकडं म्हणून विचारायला गेलं की साहेब मीटिंगला गेलेले असतात.

मला म्हणायचंय ते एवढंच, पैसे ठेवा तुमच्याकडंच. कॉलनीतली एक मोकळी जागा, तिला कुंपण, पाण्याची एक टाकी आणि लेखी परवानगी एवढं द्या आणि तिथं लोकांना भाजी लावू द्या. शोभेची बाग नको, खायची बाग. मेथी, चुका, अंबाडी, भेंडी, वांगी. दहा-बारा घरांनी मिळून, प्रत्येकाला एक वाफा, कुंपण आणि पाणी सामायिक.

जागा कुठून आणायची म्हणाल तर जागा आहे, रोज तिच्यावरून ये-जा करतो आपण. २०२० च्या राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणं साधारण एकराच्या पुढच्या लेआउटला दहा टक्के जागा मोकळी सोडावीच लागते, म्हणजे एकराला चार गुंठे, आणि त्याच्या आधीच्या लेआउटांमध्येही ओपन स्पेस दाखवलेली असतेच. नकाशावर हिरव्या रंगात. प्रत्यक्षात तिथं काय असतं? कुणाच्या तरी बांधकामाचं रॅबिट, वाळूचा ढीग, डुकरं, लग्नसराईत मंडप, आणि एका कोपऱ्यात हळूच उभा राहिलेला ओटा, ज्याच्यावर पुढच्या वर्षी पत्र्याचं शेड येतं आणि त्याच्या पुढच्या वर्षी आमदार निधीतून सभागृह. मोकळी जागा मोकळी राहतच नसते. तिच्यात लोकांनी काही केलं नाही तर कुणीतरी एक जण करतोच.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यात खरा, "आधी प्यायला पाणी द्या, मग बागा करा." जिथं एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, जिथं नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं आणि बोअर आठशे फुटांवर जाऊन नुसता फुफाटा काढतं, तिथं बागेचं नाव काढलं की लोकं वेड्यात काढणारच, आणि त्यांचं चुकतंय असंही नाही. पण लॉनचं पाणी आणि वाफ्याचं पाणी यात फरक आहे तो बघा ना. एक गुंठा म्हणजे १०८९ स्क्वेअर फूट, त्यातले पायवाटा, कंपोस्टचा खड्डा, टाकी हे सोडून सहाशे-साडेसहाशे फूट लागवडीला राहतं. थंडीच्या दिवसांत, माती झाकलेली असेल तर त्याला रोजचं अडीचशे लिटर पाणी पुष्कळ झालं. दहा घरं धरली तर घरटी पंचवीस लिटर, दीड-दोन बादल्या. एवढं पाणी तर आपण गाडी धुताना गटारीत सोडतो.

आणि स्लॅबवरचं पाणी? मराठवाड्याचा पाऊस सरासरी पावणेसातशे मिलिमीटरच्या आसपास. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पडला म्हणजे एक लिटर, हा साधा हिशेब. हजार स्क्वेअर फुटाच्या स्लॅबवर वर्षाला साठेक हजार लिटर पडतं, उडालेलं-सांडलेलं सोडून पन्नास हजार तरी धरा. तेवढी टाकी कुणी बांधणार नाही हे मान्य, पण बागेशेजारच्या दोन घरांचे पाइप पाच हजार लिटरच्या एका सिंटॅक्सच्या टाकीत सोडले तर जुलै-ऑगस्टात पावसानं वीस दिवस दडी मारली की तीच टाकी भेंडी जगवते.

सांडपाण्याबद्दल मात्र जपून. हल्ली जो तो सल्ला देतो, की जारवाल्या फिल्टर प्लँटमधून वाया जाणारं पाणी बागेला घ्या, फुकट आहे. नका घेऊ. आपल्या बोअरच्या पाण्यात आधीच क्षार, प्लँट त्यातलं गोड पाणी जारमध्ये काढून घेतो आणि सगळे क्षार त्या वाया जाणाऱ्या पाण्यात उरतात. काळ्या जमिनीला वर्षभर ते पाजलं की जमीन चोपण होते, वर पांढरी खपली धरते, ओली असताना चिकट आणि वाळली की दगड. कपड्याच्या साबणाच्या पाण्याचंही तेच. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी, माठ-घागरी विसळलेलं पाणी बिनधास्त घाला, आंघोळीचं फारतर शेवग्याला, केळीला. पालेभाजीला नाही.

पण खरी बचत टाकीनं होत नाही, कॅलेंडरनं होते. आणि माझ्या सगळ्या म्हणण्यातला कळीचा मुद्दा हाच आहे. बाग म्हणली की बारा महिने हिरवी पाहिजे हा हट्ट आपण कुठून उचलला माहीत नाही, पण तो मराठवाड्यातला नाही. आपल्याकडचं शेत एप्रिल-मे मध्ये काळंभोर, नांगरून उन्हात तापत पडलेलं असतं आणि त्याला कुणी उजाड म्हणत नाही. मग कॉलनीतल्या बागेनंच काय पाप केलंय? मृगाला सुरू करा. जून-जुलैत भेंडी, गवार, दोडका, कारलं, अंबाडी. दसऱ्यानंतर मेथी, पालक, चुका, शेपू, कोथिंबीर, मुळा, वांगी, टोमॅटो. फेब्रुवारीत शेवटची तोड, आणि मग बंद. कडेचे शेवगा, कढीपत्ता, लिंबू तेवढे बादलीनं जगवायचे, बाकी वाफ्यांवर सोयाबीनचं भुसकट नाहीतर उसाचं पाचट हातभर अंथरायचं आणि गुढीपाडव्याला सगळे वाफे मोकळे. प्यायच्या पाण्याची ओढाताण ज्या तीन महिन्यांत असते त्या तीन महिन्यांत वाफे पाणी मागतच नाहीत. मग भांडण कशाचं राहिलं?

पाडवा मुद्दाम म्हणालो. आपल्याकडं सालगड्याचं साल पाडव्याला संपतं, बटई-ठोक्याचे व्यवहार पाडव्याला नव्यानं ठरतात, हे काय मला सांगायची गरज नाही. तोच नियम इथं लावा. वाफा एका हंगामाचा, मृग ते पाडवा. पाडव्याला परत, मे अखेरीला सगळ्यांसमोर नव्यानं चिठ्ठ्या. कारण दुसरा आक्षेप, जो मुख्याधिकारी तोंडावर बोलत नाहीत पण मनात असतो, तो असा की एकदा का लोकांना जागा दिली की ते हलत नाहीत, वाफ्याचं कुंपण होतं, कुंपणाची भिंत होते आणि मग कोर्ट. ही भीती खोटी नाही, आपण सगळे एकमेकांना ओळखून आहोत. म्हणूनच दरवर्षी पाडव्यानंतर दोनेक महिने जमीन कुणाचीच नसावी. जो नियम पाणी वाचवतो तोच जागाही वाचवतो, याहून सोयीचं काय पाहिजे.

कागद मात्र पाहिजेच. तोंडी "करा हो, कोण विचारतंय" यावर कुणी एक टोपलं शेणखत टाकू नका. न्यूयॉर्कमध्ये १९७३ साली लिझ ख्रिस्ती नावाच्या बाईनं शेजाऱ्यांना घेऊन एका पडीक प्लॉटवरचा कचरा उपसून बाग केली, पुढं तिथल्या महापालिकेनं ती महिन्याला एक डॉलर भाड्यानं दिली, मग शहरभर अशा बागा झाल्या, १९७८ पासून महापालिकेचा त्यासाठी वेगळा कार्यक्रमच सुरू झाला. एवढं सगळं होऊन १९९९ मध्ये महापौरांनी शंभरावर बागांचे प्लॉट लिलावात काढले. जागेला भाव आला होता ना. लोकं रस्त्यावर उतरली आणि संस्थांनी पैसे उभे करून त्या जागा विकत घेतल्या म्हणून वाचल्या. आपल्याकडं कोण घेणार विकत? तेव्हा नगरपरिषदेच्या सभेचा ठराव, त्यात गट नंबर, क्षेत्रफळ, मुदत, आणि "कोणतंही पक्कं बांधकाम करता येणार नाही" ही ओळ. ती ओळ आपल्याही विरोधात असू द्या. नाहीतर दोन वर्षांत आपल्यातलाच एखादा भक्त तिथं ओटा बांधायला घेईल आणि मग त्याला नाही म्हणायची कुणाची टाप आहे?

आता कुणाला घ्यायचं हा प्रश्न, आणि इथंच गाडी अडते, मातीत नाही. यादी ओळखीवर केली की सगळे वाफे एकाच गल्लीत, एकाच आडनावात जातात, हे लिहायला कसंतरी वाटतं पण आपल्या गावाचं वास्तव आहे. ज्याची गावाकडं वीस एकर आहे तोच इथंही पहिला हात वर करतो. म्हणून चिठ्ठी. आणि चिठ्ठीत पहिला हक्क ज्यांच्याकडं अंगण नाही त्यांचा, म्हणजे भाड्यानं राहणारे, वरच्या मजल्यावरचे, गावाकडं काहीच उरलं नाही म्हणून इथं पत्र्याच्या खोलीत आलेले. विलासराव साळुंख्यांनी ७२ च्या दुष्काळानंतर पुरंदरला पाणी पंचायत केली तेव्हा पाणी जमिनीच्या एकरावर नाही, घरातल्या माणसांवर वाटलं, भूमिहीनालाही वाटा दिला आणि उसाला बंदी घातली. पन्नास वर्षं झाली, आणि आपण अजून वाफा कुणाला द्यायचा यावर चाचपडतोय.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं काय, हे मला कुणी विचारलं होतं. प्रामाणिक उत्तर, की त्यांना हे वेळापत्रक बसत नाही. दिवाळीच्या आसपास ते जातात आणि मार्च-एप्रिलात येतात, नेमका थंडीचा हंगाम हुकतो. पण मागं आजी-आजोबा आणि शाळेतली लेकरं राहतात, वाफा त्यांच्या नावावर करता येतो. एखाद्या आजीच्या नावानं बागेत हजेरी लागणं हे पण काही कमी नाही.

आणि आजी लागतातच. आमच्या कॉलनीत चार-पाच घरांनी असं छोटंसं सुरू केलंय, तिथं एक बँकेतले सर यूट्यूब बघून आले होते, हातात टेप, दोन बियांमध्ये किती सेंटिमीटर ते मोजू लागले. शेजारच्या वाफ्यावर एक आजी, खुरप्याच्या टोकानं रेघ ओढायची, चिमटीत मेथीदाणा धरून अंगठा नुसता हलवत पुढं जायची, वरून माती अशी सारायची की बी झाकलं का नाही ते कळायचं नाही. सरांनी विचारलं किती खोल टाकायचं, तर म्हणाली, "खोल कशाला पुरायलाव, मेलंय का ते?" सरांची मेथी निम्मी उगवली. आता सर त्यांच्या वाफ्यावर बसून असतात, आणि आजीच्या मोबाइलचं रिचार्ज सर करून देतात, असा व्यवहार झालाय तो.

मातीचं म्हणाल तर कॉलनीतली जागा म्हणजे वरची वीतभर माती नसतेच, रॅबिट आणि मुरूम. ते उकरून काळी माती ट्रॉलीनं आणायची आणि नुसती सपाट पसरायची नाही, गादीवाफे करायचे, वीतभर उंच. हे फॅड नाही. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला त्यात काळ्या रानात पाणी साचून उभी पिकं पिवळी पडून गेली ते सगळ्यांनी बघितलंय. काळी माती पाणी धरते हा दुष्काळात गुण आणि अतिवृष्टीत अवगुण. वाफ्याच्या कडेला चर ठेवला की निभावतं. कुंपणाला जाळी महाग पडते, तुराट्या-पऱ्हाट्यांचं कूड आणि बाहेरून बोराटीच्या फांद्या लावल्या तर शेळी थांबते. डुक्कर थांबत नाही. डुकरासाठी खाली दोन फूट पत्रा किंवा फरशीचे तुकडे गाडावेच लागतात, तिथं काटकसर करू नका.

बी शक्यतो स्वतःचं धरता येईल असं घ्या. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं "परभणी क्रांती" हे भेंडीचं वाण, केवडा रोगाला दाद न देणारं म्हणून देशभर गेलं, ते हायब्रीड नाही, सरळ वाण आहे, म्हणजे दोन चांगली झाडं बियाण्याला राखली की पुढच्या वर्षी पाकीट आणायचं काम नाही. अंबाडी, चुका, दोडका, गावरान वांगी यांचंही तसंच. दुसरी बाग उभी करायची तर पहिल्या बागेनं तिला पैसे नाही, बी आणि रोपं द्यायची. वाढायचं असेल तर असं वाढा, चार गुंठ्यांची एकच मोठी बाग करायच्या नादी लागू नका, गुंठा-गुंठ्याच्या चार करा, चार कॉलन्यांत. मोठ्या बागेला अध्यक्ष लागतो, अध्यक्षाला पॅनेल लागतं, आणि मग सत्कार सुरू होतात.

"एवढं करून भाजी निघणार किती?" हा तिसरा आक्षेप. थोडी निघणार. एका वाफ्यावर घर चालत नाही, बाजार चुकत नाही, जो कुणी तसं सांगत असेल तो थापा मारतोय. पण काय निघतं ते बघा. आपल्या जेवणात भाकरी आहे, बेसन आहे, वरण आहे, ठेचा आहे, हिरवं पान मात्र भाव उतरला तरच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं, आधीच्या फेरीपेक्षा जास्त. वाफ्यानं ॲनिमिया जातो असं मी म्हणत नाही, त्याला लोहाच्या गोळ्या आणि बाकी सगळं लागतंच. पण दाराशी तांदुळजा, चुका उभा असला की बाई भाव न विचारता खुडते. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडं उभ्या राहिलेल्या "स्वयं शिक्षण प्रयोग" संस्थेनं बायकांना घरच्याच शेतातला एक एकर स्वतःच्या मर्जीनं करायला मिळावा म्हणून काम केलं, तर बायकांनी त्यात सोयाबीन न लावता डाळी, धान्यं, भाजीपाला लावला. २०१७ ला त्यांना संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मर्जी बाईची असली की आधी ताटातलं लावलं जातं. म्हणून वाफ्याची चिठ्ठी घराच्या नावानं नाही, घरातल्या बाईच्या नावानं काढा. पुरुष आले मदतीला तर चांगलंच आहे, पाण्याच्या बादल्या त्यांनी आणाव्यात.

आणि "शहरात येऊन पुन्हा मातीत हात घालायचा का" म्हणणाऱ्यांनी येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, आठवावी. त्या दिवशी लातूर-धाराशिवकडची गावं ओस पडतात, ज्याला शेत नाही तो मित्राच्या शेतात जातो, कोपीत बसून भज्जी-आंबील हाणतो आणि संध्याकाळी फोटो टाकतो. मातीचं एवढं वावडं असतं तर एवढी गर्दी झाली नसती.

चोरी होते का? होते. वांगी जातात, कोथिंबीर जाते, भेंडी तर कोवळीच जाते. वॉचमन ठेवायचा, कॅमेरा लावायचा असल्या सूचना दर मीटिंगला येतात. माझं मत, कॅमेऱ्याच्या पैशात पाइप आणा. सामायिक गोष्टी लोकांना कशा सांभाळता येतात यावर आयुष्यभर काम करून एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं एक निरीक्षण असं, की नियम वापरणाऱ्यांनीच केलेले असावेत, नजर त्यांचीच असावी, आणि पहिल्या चुकीला शिक्षा हलकी असावी. आपण उलटं करतो, आधी काहीच बोलत नाही आणि मग एकदम पोलीस ठाणं. दुसऱ्याच्या वाफ्यातलं तोडताना कुणी सापडलं तर आठवडाभर कंपोस्ट त्यानं उलटायचं, विषय संपला. आणि रस्त्याकडेला एक वाफा वाटसरूंसाठी सोडून द्या, ज्याला पाहिजे त्यानं न्यावं. निम्मी चोरी तिथंच जिरते.

कंपोस्टचं निघालंच आहे तर, घनकचरा नियमांप्रमाणं ओला-सुका वेगळा करणं आपल्यावर बंधनकारक आहे, घंटागाडी रोज स्पीकरवर तेच ओरडते आणि मग दोन्ही एकाच डब्यात टाकून निघून जाते. दहा घरांचा ओला कचरा बागेच्या खड्ड्यात गेला तर तेवढाच डेपोवरचा भार कमी, आणि खत विकत आणायचं काम नाही. ज्या घराचा कचरा वेगळा येत नाही त्याचा वाफा पुढच्या चिठ्ठीत नाही, हा नियम आमच्याकडं दंडापेक्षा जास्त चाललाय.

इतकी वर्षं नगरपरिषदांवर प्रशासक होते, विचारायचं कुणाला हाच प्रश्न होता. आता डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांनंतर नगरसेवक आलेत, नवे आहेत, अजून फोन उचलतात. तेव्हा अर्ज आत्ता द्या, मृगाच्या तोंडावर नाही. अर्जात "उद्यान विकसित करून मिळणेबाबत" असं चुकूनही लिहू नका, ते वाक्य दिसलं की फाइल बांधकाम विभागात जाते आणि एस्टिमेट होऊनच बाहेर पडते. "ओपन स्पेस हंगामी भाजीपाला लागवडीसाठी वापरण्यास परवानगी" असं लिहा, खाली दहा बायकांच्या सह्या घ्या, आणि निधीच्या रकान्यात शून्य टाका. ते शून्य बघून साहेब एकदा वर बघतील, तेव्हा लगेच चावीचं विचारून घ्या.